पंधरा किलो, अठरा तास
वऱ्हाडातून समुद्राच्या तळाशी जायचं तर दोन आकडे पाठ हवेत. पहिल्यावर एअरलाइनशी घासाघीस चालते. दुसऱ्यावर कुणाशीच नाही!

अमरावती किंवा अकोल्याच्या माणसाला समुद्र म्हणजे सहाशे किलोमीटरवरचा पाहुणा. लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो की जुहूला पाय भिजवायचे, भेळ खायची, संपला समुद्र! पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या कट्ट्यांवर एक नवीनच भाषा ऐकू येऊ लागलीये. ‘ओपन वॉटर झालं का तुझं?’, ‘हॅवलॉकला व्हिजिबिलिटी कशी होती?’ बँकेतली, आयटीतली, मेडिकल रेप्रेझेंटेटिव्हची नोकरी करणारी ही मंडळी वर्षभर सुट्ट्या साठवतात आणि एका आठवड्यात त्या पाण्याखाली उधळून येतात.

बहुतेकांची सुरुवात मालवण-तारकर्लीला होते. सिंधुदुर्ग किल्ल्याशेजारी इन्स्ट्रक्टरचा हात धरून मारलेली पहिली डुबकी, फोटोत अंगठा आणि तर्जनी जोडून केलेली ‘ओके’ची खूण, आणि मग लागलेलं वेड. तारकर्लीलाच एमटीडीसीची ‘इसदा’ ही स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकण्यासाठी खास खोल टँक आहे. पोहणं आपल्याच गावात शिकून जाता येतं. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच की! कोर्स केला, कार्ड हातात आलं, म्हणजे अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी. इथवर सगळं मजेत. खरा प्रश्न येतो तो पुढच्या पायरीवर. स्वतःचं गिअर घेतल्यावर आणि अंदमान किंवा लक्षद्वीपचं विमानाचं तिकीट काढल्यावर.

रेग्युलेटर? गॅसचा का?

मराठी घरात ‘सिलिंडर’ आणि ‘रेग्युलेटर’ या दोन शब्दांचा पत्ता एकच, स्वयंपाकघर. त्यामुळे ही बॅग घेऊन तुम्ही बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिलात की करमणूक ठरलेली. मागच्या ट्रिपला बॅगेच्या उघड्या चेनमधून काळ्या नळ्या डोकावत होत्या. शेजारच्या बाकावरचे काका बराच वेळ बघत होते. शेवटी राहवेना. ‘कावं पोरी, हे काय होय? गॅसचं रेग्युलेटर घेऊन कुठी चालली?’ म्हटलं, काका, हे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे. काकांनी कपाळाला हात लावला. ‘बाप्पा! आपल्या इथं प्याले पानी नाई, अन् तू पान्यात डुबाले चालली!’

काकांची गंमत सोडा, पण गैरसमज खूप असतात. पहिला म्हणजे पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो. नसतो! साध्या डायव्हिंगमध्ये असते ती तुमची-आमचीच हवा, फक्त दोनशेपट दाबाने कोंबलेली. दुसरा गैरसमज म्हणजे डायव्हर ही टाकी घेऊन विमानात चढतो. तेही नाही. अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची टाकी रिकामीच चौदा किलोच्या आसपास भरते. भरलेली टाकी विमानात चालतच नाही, आणि रिकामी न्यायची तर व्हॉल्व्ह काढून आत काही नाही हे दाखवावं लागतं. इतका खटाटोप कशाला? टाकी आणि कमरेला बांधायची शिशाची वजनं जगात कुठेही डाइव्ह सेंटरच देतं. तेव्हा ही दोन ओझी मनातून काढून टाका.

बॅगेचं गणित

तरी उरतं ते काही कमी नाही. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन असा आपल्याकडचा हिशेब. आता मांडा बघू:

- बीसीडी, म्हणजे हवा भरता येणारं जॅकेट: ३ ते ४ किलो
- रेग्युलेटरचा सेट, गेजसकट: अडीच ते ३ किलो
- फिन्स आणि बूट: अडीच ते ३ किलो
- ३ मिलिमीटरचा वेटसूट: दीड ते २ किलो
- मास्क, स्नॉर्केल, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च: दीड किलो

झाले अकरा ते साडेतेरा. त्यात चाकांच्या बॅगेचं स्वतःचं वजन तीनेक किलो. म्हणजे एकही टी-शर्ट न टाकता तुम्ही पंधराच्या उंबरठ्यावर! आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा अजून बाहेरच आहे.

गंमत बघा, रेल्वेत हा प्रश्नच नाही. थ्री-टायर एसीत ४० किलो आणि टू-टायरला ५० किलो सामान मोफत नेता येतं. त्यामुळे अकोला-बडनेऱ्यापासून मुंबईपर्यंत तुम्ही राजे असता. विमानतळाच्या काट्यावर पाय ठेवला की एकदम सामान्य प्रजा.

मग काय न्यायचं आणि काय भाड्याने घ्यायचं? अनुभवी डायव्हर्सचं उत्तर सोपं आहे. चेहऱ्याला, श्वासाला आणि डोक्याला लागतं ते स्वतःचं. म्हणजे मास्क, रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर. दुसऱ्याचा मास्क तुमच्या चेहऱ्यावर नीट बसेलच असं नाही, आणि गळका मास्क म्हणजे अख्ख्या डाइव्हची वाट. रेग्युलेटर तोंडात धरायचा असतो, तो कुणी आणि कधी सर्व्हिस केला हे आपल्याला माहीत असलेलं बरं. कॉम्प्युटर तर तुमच्या शरीरातल्या नायट्रोजनचा खातेदार. आदल्या दिवशीच्या डाइव्ह त्याच्याच पोटात असतात. तो मध्येच बदलला की हिशेबच तुटतो. हे तिन्ही मिळून चार-पाच किलो, आणि ते केबिन बॅगेत जातात. बीसीडी, फिन्स, वेटसूट हवे तर न्या, नाहीतर तिथे भाड्याने घ्या.

केबिनमध्ये ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. एका एअरलाइननं (नाव नको!) माझी चेक-इन बॅग एकदा चोवीस तास उशिरा पोहोचवली होती. पण मास्क, रेग्युलेटर, कॉम्प्युटर पाठीवरच्या सॅकमध्ये होते. बाकीचं भाड्याने घेतलं आणि दुसऱ्या सकाळची बोट चुकली नाही. हां, सिक्युरिटीच्या एक्स-रेवर रेग्युलेटर भलताच संशयास्पद दिसतो. बॅग उघडायला सांगतील, ‘ये क्या है?’ विचारतील. मोबाइलमध्ये पाण्याखालचा एखादा फोटो तयार ठेवा. फोटो बघितला की बरेचदा पुढचा प्रश्न ‘डर नहीं लगता?’ हाच असतो.

छोटं विमान, मोठा हिशेब

१६ एप्रिल २०२५ हा अमरावतीकरांसाठी मोठा दिवस होता. बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, अलायन्स एअरच्या एटीआर-७२ विमानानं. सुरुवातीला आठवड्यातले तीनच दिवस, पण सुरू झाली! अकोलेकर मात्र शिवणीची धावपट्टी वाढण्याच्या गप्पा वर्षानुवर्षं ऐकताहेत. त्यामुळे अकोल्याचा डायव्हर अजून तरी मुंबईची ट्रेन पकडतो किंवा गाडी काढून नागपूर गाठतो.

एटीआर हे पंख्यांचं, सत्तरेक सीटचं विमान. डायव्हरनं त्याच्याशी ओळख करून घेतलीच पाहिजे, कारण लक्षद्वीपला जायचं तर हेच विमान भेटतं. अगत्ती बेटावरची धावपट्टी १,२०० मीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना निळं पाणी. आपल्या बेलोऱ्याची १,८५० मीटर आहे, म्हणजे अगत्तीच्या दीडपट! धावपट्टी आखूड असली की विमानाला वजन जपावं लागतं. त्यात ऊन. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर अकोल्यात माणसाला उठवत नाही. विमानाची गतही तशीच समजा. अशा वेळी वजनाला कात्री लागते, आणि ती आधी लागते सामानाला. शिवाय एटीआरचे डोक्यावरचे कप्पे लहान असतात. बोइंगमध्ये सहज मावणारी सॅक इथे मावेलच असं नाही. तिकिटावरचा केबिन बॅगेचा आकडा वाचूनच भरा.

बेटावरून बेटावर उडायचं म्हटलं तर कात्री आणखी धारदार होते. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) इतर बेटांवर हेलिकॉप्टर जातं. पण सामानाची मर्यादा पाच किलोच्या घरातली. त्यात फिन्स आणि बूट टाकले की अर्धी बॅग संपली! डिसेंबर २०१० मध्ये तिथे ‘जल हंस’ नावाची सी-प्लेन सेवाही सुरू झाली होती, पण ती टिकली नाही. म्हणून गिअरवाले डायव्हर हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, फेरीबोटीनंच जातात. लक्षद्वीपमध्येही अगत्तीला उतरल्यावर पुढचा प्रवास बहुतेकदा बोटीनं. बोट तुम्हाला तराजूवर उभं करत नाही.

तिकडे कॅरिबियनमध्ये

ही कटकट फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. डायव्हर्सची पंढरी म्हणजे कॅरिबियन. आपण तो भाग क्रिकेटमुळे ओळखतो. २०२४चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्यावर बेरिल वादळामुळे आपली टीम बार्बाडोसमध्येच अडकून पडली होती, आठवतंय? ‘वेस्ट इंडीज’ हा एक देश नाही, ती समुद्रात विखुरलेली बेटं आहेत. मॅच असो की डाइव्ह, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला छोटी विमानंच.

१९५६ मध्ये सुरू झालेली ‘लियाट’ ही तिथली जुनी एअरलाइन. तिच्या नावाच्या आद्याक्षरांचे प्रवाशांनी असे अर्थ लावले होते की ‘बेटावरून वाटेल तेव्हा निघा’ किंवा ‘सामान भलत्याच टर्मिनलवर’! आपण एसटीवर करतो तशीच प्रेमळ टिंगल. २०२० मध्ये कंपनी डबघाईला आली. २०२४ मध्ये ‘लियाट २०’ या नव्या नावानं पुन्हा उडाली.

आणि साबा बेट? तिथली धावपट्टी फक्त ४०० मीटर. एका बाजूला डोंगर, बाकी कडे आणि समुद्र. तिथे जातं ते एकोणीस सीटचं ट्विन ऑटर. साबाचं मरीन पार्क १९८७ पासून आहे, त्यामुळे विमानात डायव्हर हमखास. पण विमान एवढंसं, आणि प्रत्येकाकडे वीस-वीस किलोचं गिअर! अशा फ्लाइट्सवर माणसं आधी आणि बॅगा मागून, पुढच्या फेरीला, हा प्रकार नवा नाही. म्हणून तिकडचे जुने डायव्हरही तेच सांगतात. पहिल्या दिवशी बॅग आलीच नाही तरी पाण्यात उतरता यावं, एवढं हातात ठेवा.

आता दुसरा आकडा

पंधरा किलोचं दुखणं पैशानं मिटतं. जास्तीच्या किलोंचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात, मित्राच्या बॅगेत फिन्स घुसवता येतात, हसून बोललं तर एखाद-दुसरा किलो माफही होतो. पण अठरा तासांचं तसं नाही.

पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. अठरा मीटरवर तुमच्यावर जवळजवळ तिप्पट दाब असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो. हळूहळू हे महत्त्वाचं! गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की दाब एकदम उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. विमान उंच गेलं की केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका कमी होतो. चिखलदरा साधारण ३,७०० फुटांवर आहे, म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवर गेल्यासारखं समजा. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना असं झालं तर बुडबुडे तुमच्या सांध्यांत, रक्तात, मज्जारज्जूत होऊ शकतात. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर ते थेट लकवा, काहीही होऊ शकतं. उपचार म्हणजे ऑक्सिजन आणि दाबाची बंद खोली, हायपरबॅरिक चेंबर. ती काही प्रत्येक गावात नसते.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’च्या २००२ मधल्या कार्यशाळेतून आलेला सल्ला जगभर पाळला जातो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास. दिवसाला अनेक किंवा सलग बरेच दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८. डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागलेली डाइव्ह असेल तर त्याहून बरेच जास्त. आपण एवढ्या लांब जाऊन एकच डाइव्ह करून थोडेच येतो? तेव्हा आपला आकडा अठरा.

आणि हा सल्ला फक्त विमानाचा नाही. तो दोन हजार फुटांच्या वरच्या कुठल्याही उंचीला लागू होतो. तारकर्लीहून डाइव्ह करून ताबडतोब आंबोली घाट चढलात तर? आंबोली ६९० मीटरवर आहे, म्हणजे सव्वादोन हजार फुटांच्या पुढे. हे आपल्याकडे फारच थोड्यांच्या लक्षात येतं. त्यापेक्षा कोकण रेल्वेनं किनाऱ्याकिनाऱ्यानं वर येणं शहाणपणाचं. कसारा घाट येईपर्यंत आठ-दहा तास तसेच निघून जातात.

‘एकच मारतो यार!’

नियम माहीत असूनही तो मोडायचा मोह का होतो, हे मी हॅवलॉकला जवळून पाहिलं. आमच्या ग्रुपमध्ये अकोल्याचा एक मित्र होता, बँकेत नोकरीला. वर्षभर मार्च एंडिंग, ऑडिट, टार्गेट यांतून वाचवलेली सहा दिवसांची रजा. तिसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली, शेजारच्या बोटीला मोठ्या मांटा रे दिसल्या. झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं पोर्ट ब्लेअरहून विमान होतं. पण हा सकाळच्या बोटीला नाव घालून आला. ‘एकच मारतो यार, उथळच जातो. पुन्हा कधी येणं होणार?’

इन्स्ट्रक्टर मुलगी आमच्याहून लहान. तिनं बोर्डासमोर उभं राहून एवढंच विचारलं, ‘फ्लाइट किती वाजता?’ यानं वेळ सांगितली. तिनं खडू उचलला आणि शांतपणे त्याचं नाव पुसलं. यानं पैसे भरलेत म्हणून सांगून पाहिलं, रजा संपतेय म्हणून सांगून पाहिलं, अगदी ‘मी लिहून देतो’पर्यंत गेला. ती म्हणाली, ‘सर, लिहून तुम्ही मला द्याल. तुमच्या घरच्यांना मी काय लिहून देऊ?’

फेरीबोटीत तो आमच्याशी बोलला नाही. रात्री पोर्ट ब्लेअरला मासे खातानाही गप्प होता. सकाळी विमानतळावर जाण्याआधी आम्ही सेल्युलर जेल बघून आलो, तेव्हा कुठे स्वारी सुटली. आता तोच अकोल्यात नव्या पोरांना सगळ्यात आधी अठरा तासांचा हिशेब शिकवतो. मांटाची हळहळ मात्र अजून आहे, ती असणारच.

कोरडा दिवस

म्हणून वऱ्हाडच्या डायव्हरसाठी सगळ्यात कामाची वस्तू बॅगेत नसते, कॅलेंडरवर असते. परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण कोरडा दिवस. समजा सकाळी ११चं विमान आहे. अठरा तास मागे मोजा. आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता तुम्ही पाण्याबाहेर हवेत. पण त्यात फेरीबोट आली, तिचा उशीर आला. मग सरळ तो दिवसच सोडून द्या.

हा दिवस वाया जात नाही, उलट दोन्ही आकडे जुळवून देतो. शरीरातला नायट्रोजन निघून जातो आणि गिअरमधलं पाणीही. ओला वेटसूट आणि पोटात पाणी राहिलेली बीसीडी सहज किलो-दीड किलो जास्त भरतात. जाताना पंधरात बसलेली बॅग येताना सतरा का होते, त्याचं उत्तर बरेचदा हेच असतं. गोड्या पाण्यानं धुवा, बीसीडी उलटी करून रिकामी करा, सावलीत वाळत घाला. तुम्ही शहर फिरून येईपर्यंत दोघंही हलके!

निघण्यापूर्वी

- घरीच काट्यावर बॅग तोला. विमानतळावर बॅग उघडून फिन्स हातात घेणं शोभत नाही.
- डाइव्ह नाइफ आणि कटर चेक-इनमध्येच. केबिनमध्ये सापडले तर गेले.
- पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच. पाण्याखालच्या टॉर्चची बॅटरी काढून वेगळी ठेवा, आणि मोठा टॉर्च असेल तर एअरलाइनला आधी विचारा.
- डाइव्हिंगचं कार्ड आणि लॉगबुक हाताशी ठेवा. लक्षद्वीपसाठी परमिट आधीच काढावं लागतं.
- डाइव्हिंग कव्हर करणारा विमा घ्या. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत तो असेलच असं नाही.
- आणि बॉसकडे रजा मागताना एक दिवस जास्त मागा. कारण विचारलं तर सांगा, डॉक्टरी सल्ला आहे. खोटं नाहीच ते!